पाच नंबरची पूजा राहिली

सोमवार, २२ सप्टेंबर

सिलिंडर संपला! पाच मीटर झाले, सहाव्याला टोपी लावली आणि नळीतून नुसतं फुस्स. घटस्थापनेचा मुहूर्त बरोबर साधला.

परचेसच्या गोपाळकृष्णला जुलैत चिठ्ठी दिली होती. ऑगस्टात परत दिली. आज फोन केला तर विचारतो, "मॅडम, हा कुठला गॅस? कॅन्टीनचा का?" नऊ वर्षं मी या कंपनीत गॅसचे मीटर तपासते आहे आणि ह्यांना अजून वाटतं मी भाजी फोडणीला टाकते. म्हटलं, "चिठ्ठीत लिहिलंय. वाचायची तेवढी तसदी घ्या."

सगळ्यांना वाटतं तनुजा सकाळी बसून नुसत्या सह्या ठोकते. अरे, टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या छातीवर तो मीटर लटकतो. आत पेटणारी वाफ आहे का, दोन विषारी वायूंपैकी एखादा आहे का, श्वासापुरती हवा आहे का, हे त्याला फक्त तोच सांगणार. आणि मीटर आतून मेला असला तरी बाहेरून कळत नाही. पडद्यावर शून्यच दाखवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक! म्हणून रोज सकाळी त्याला खरा गॅस दाखवायचा. मोजून भरलेला, थोडासाच. चारही आकडे हलले, मीटर ओरडला, लाल दिवा लागला की मग रजिस्टरात ओके. नाही ओरडला तर मीटर बाजूला.

उरलेल्या चार मीटरचं काय करू, म्हणून सर्जेराव साहेबांकडे गेले. ते सेफ्टी ऑफिसर. म्हणाले, "फुंकर मारा ना. ओरडतो की नाही बघा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे."

फुंकर मारली की मीटर ओरडतो, खरं आहे. आपल्या उच्छ्वासात ऑक्सिजन कमी असतो, तेवढं त्याला कळतं. पण म्हणजे चारातली एकच खिडकी तपासली. बाकी तीन उघड्या आहेत की बंद, देव जाणे. हे मी साहेबांना सांगितलं. म्हणाले, "ताई, तुम्ही फार खोलात जाता."

रजिस्टरात काय लिहू विचारलं. म्हणाले, नेहमीचंच लिहा. लिहिलं.

मंगळवार, २३ सप्टेंबर

नऊ मीटर, नऊ फुंकरा. नऊही ओरडले. एरवी पाऊण तास जातो, आज सात मिनिटांत मोकळी. चहा गरम मिळाला.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

या आठवड्यात टाकीत उतरायचं काम आजच निघालं आणि शमशुद्दीनभाईंनी विचारलंच. विचारणारच होते. टाक्या साफ करणाऱ्या गँगचे मुकादम, सव्वीस वर्षं झाली इथे. सात नंबरचा मीटर ठरलेला. दुसरा देऊन बघा, घेणार नाहीत. आणि गळ्यात घालण्याआधी रोजचा प्रश्न — "ताई, गॅस दाखवला का ह्याला?"

नऊ वर्षं रोज! सुरुवातीला मला राग यायचा. एकदा म्हटलं होतं, "नाही, लोणचं दाखवलं." त्यावर ते इतके हसले की पुढे महिनाभर "आज कुठलं लोणचं?" विचारत होते.

आज सांगणार होते की सिलिंडर संपलाय, नुसती फुंकर मारली आहे. पण मागे चार जण उभे, सर्जेराव साहेब दारात घड्याळ बघत. आणि सांगितलं असतं तर शमशुद्दीनभाई उतरलेच नसते, हे मला पक्कं माहीत. मग काम अडलं म्हणून सगळ्यांनी माझ्याकडेच बघितलं असतं.

"दाखवला," म्हटलं.

त्यांनी मीटर चालू केला, छातीवर लावला आणि गेले. खोटं बोलले मी. लहानसं. सिलिंडर आला की आपोआप खरं होईल.

सोमवार, २९ सप्टेंबर

गोपाळकृष्ण म्हणतो सिलिंडर गाडीत आहे. गाडी पुण्यात आहे की पानिपतावर, ते सांगत नाही.

"गॅस दाखवला का?" — "दाखवला." आता जीभ अडखळतही नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर

खंडेनवमी! आज जरा बरं वाटलं, म्हणून नीट लिहिते.

गेल्या वर्षी वर्कशॉपवाल्यांची लेथ मशिनं अशी चकाकत होती, आणि त्यांच्या शेजारी माझे नऊ मीटर धुळकट, काळपट. लाज वाटली होती. या वर्षी ठरवलंच होतं. ह्यांच्या रिक्षेतला पॉलिशचा स्प्रे पिशवीत घालून नेला. डॅशबोर्ड, सीट, सगळ्यावर हे तोच मारतात. विश्रांतवाडीच्या स्टँडवर ह्यांच्या रिक्षेसारखी रिक्षा नाही, ती त्या स्प्रेच्याच जिवावर. जाताना म्हणाले, "डबा परत आण. कंपनीला दान करू नकोस."

फडकं घेऊन बसले. काय चमकले मीटर! काळं रबर नव्यासारखं झालं. सेन्सरच्या जाळीत धूळ अडकली होती, ती फडक्याने निघेना. मग जाळीवर थेट एकेक फवारा मारला, ब्रशने घासलं, स्वच्छ. आठ झाले. पाच नंबर बॉयलरवाल्यांनी कालपासून परतच केला नाही. तीनदा निरोप धाडला. बसा म्हटलं, पाच नंबरची पूजा राहिली तर पाप तुम्हाला.

टेबलावर लाल कापड, आठ मीटर ओळीत, हळदकुंकू, झेंडू. सर्जेराव साहेबांनी नारळ फोडला. शमशुद्दीनभाई पेढे घेऊन आले, दर वर्षी आणतात. सात नंबर उचलून उलटसुलट बघितला. म्हणाले, "काय ताई, नवरदेव केलात की ह्याला!" मग हळूच, "वरात काढण्याआधी गॅस दाखवा म्हणजे झालं." सगळे हसले. मीही हसले.

उद्या गांधी जयंती, दसरा आणि आपला गुरुवार, तिन्ही सुट्ट्या एकाच दिवशी! कंपनीचं नशीब थोर.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

पाच नंबर आला एकदाचा बॉयलरवरून. काजळीने माखलेला. पुसलाही नाही, रुसून. फुंकर मारली, ओरडला. नऊ ओके.

बुधवार, ८ ऑक्टोबर

सिलिंडरचं आता कोणी विचारत नाही. मीसुद्धा नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

तीन नंबरची टाकी पेटली. शमशुद्दीनभाई आत होते.

बुधवार, १५ ऑक्टोबर

लिहून ठेवते, नाही तर उद्या मलाच वेगळं आठवायला लागेल.

काल सकाळी सात वीसला ते आले. सात नंबर घेतला. विचारलं. मी म्हटलं, दाखवला. त्यांनी माझ्यासमोर बटण दाबलं. चालू होताना मीटर दोनदा वाजतो, तो आवाज मी ऐकला. चारही आकडे आले. मला दाखवून म्हणाले, "बघा, शून्य." मग गेले.

तीन नंबरमध्ये थिनरचा गाळ होता. तोंडाला हवेच्या नळीचा मास्क, त्यामुळे वास येण्याचा प्रश्नच नाही. नाकाचं काम मीटरवर सोपवलेलं. बाहेर उभा असलेला माणूस सांगतो, खाली उतरून त्यांनी हात वर केला — शून्य आहे, ठीक आहे. मग पत्र्याने गाळ खरवडायला लागले. लोखंडावर लोखंड. एकदम भडका. मीटर वाजलाच नाही, म्हणतो.

दोरीने वर ओढलं तेव्हा मी तिथे होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओळखलं की नाही, माहीत नाही. छातीवरचा सात नंबर वितळून कपड्याला चिकटला होता.

डॉक्टर म्हणतात सत्तर टक्के भाजलेत.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

हॉस्पिटलात गेले. शमशुद्दीनभाईंच्या पत्नी नसीमबानू काचेपाशी उभ्या. मला बघून म्हणाल्या, "ये सुबह आपका नाम लेते थे. ताई है तो फिकर नहीं." पाच मिनिटं थांबले आणि पळून आले. पळालेच म्हणायचं, जिना धड दिसतही नव्हता.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आज चौकशी झाली. आमचीच आम्ही. सर्जेराव साहेब, वरचे दोन साहेब आणि मी.

रजिस्टर मागवलं. १४ ऑक्टोबर, मीटर क्रमांक सात, ओके, सकाळी ७.१५, सही माझी. साहेबांनी त्या ओळीचा फोटो काढला. मग हिशोब मांडला, अगदी सोपा. मीटर सकाळी चांगला होता. चांगला मीटर वाजला असता. वाजला नाही. म्हणजे तो बंद होता. म्हणजे शमशुद्दीन चालू करायला विसरले. बाहेरच्या माणसाने हात वर केलेला पाहिला म्हणता? त्याचा जबाब बदलला. आता त्याला नीट दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "पण त्यांनी माझ्यासमोर चालू केला होता." साहेब म्हणाले, "मग नंतर बंद केला असेल. बॅटरी वाचवायला. ही माणसं करतात असं." उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ताई, तुमच्या रजिस्टरने वाचवलं आपल्याला."



रविवार, १९ ऑक्टोबर

शमशुद्दीनभाई गेले. पहाटे.

दुपारी कंपनीची बस त्यांच्या मय्यतीला खडकीला नेली. सगळे गेले. मी बसच्या दारापर्यंत गेले आणि माघारी फिरले.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. कंदील लावला नाही. शेजारणीने विचारलं, तुमच्यात कोणी गेलं का? हो म्हटलं.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सिलिंडर आला. दिवाळीच्या सुट्टीनंतर आज कंपनी उघडली आणि टेबलावर खोकं! वर गोपाळकृष्णची चिठ्ठी — अर्जंट.

दार लावून घेतलं. एक नंबरला टोपी लावली, गॅस सोडला. ऑक्सिजन उतरला, विषारी वायूंचे दोन्ही आकडे चढले. ज्वलनशीलचा आकडा शून्य. एक मिनिट, दोन मिनिटं. शून्यच. वाटलं मीटर जुना आहे. दोन नंबर. तेच. तीन, चार. तेच. सिलिंडरच खराब असणार, मी म्हटलं, मोठ्याने म्हटलं. पाच नंबर लावला, तो काजळीने काळा झालेला. लावल्या लावल्या आकडा सरसर चढला आणि तो असा ओरडला की मी खुर्चीतून उठले.

सहा. शून्य. आठ, नऊ. शून्य. सात नंबरची खुंटी रिकामी.

मीटरच्या एजन्सीत अक्षता म्हणून मुलगी आहे, तिला फोन लावला. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "मॅडम, सेन्सरला सिलिकॉन लागलंय का? पॉलिश, ग्रीस, गाडीचा स्प्रे वगैरे?" म्हटलं, लागलं तर काय होतं? म्हणाली, "ज्वलनशीलचा सेन्सर मरतो. कायमचा. बाकीचे चालू राहतात, त्यामुळे पत्ता लागत नाही. रोज गॅस दाखवला तर मात्र दुसऱ्याच दिवशी कळतं. तुम्ही दाखवता ना रोज?"

फोन ठेवला.

मीटरबरोबर आलेलं पुस्तक कपाटातून काढलं. तिसरं पान, चौकटीत लिहिलंय. नऊ वर्षांत मी फक्त चित्रं बघितली होती.

मी पूजेला बसवलेले आठही मेले. ज्याला हळदकुंकू लागलं नाही तो एकटा जिवंत आहे. मी मारलं त्यांना. सेन्सरना नाही, शमशुद्दीनभाईंना. चांगलं दिसावं म्हणून. आणि तरीही ते वाचले असते — ३ तारखेला मी रजिस्टरात खरं लिहिलं असतं तर, किंवा नुसतं "नाही दाखवला" म्हटलं असतं तर. दोन शब्द.

शनिवार, २५ ऑक्टोबर

साहेबांना सांगितलं. सगळं, पॉलिशसकट. घाम फुटला त्यांना. पहिलं वाक्य — "आणखी कोणाला बोललात?" नाही म्हटल्यावर खुर्चीत मागे रेलले. उरलेले सातही मेलेले मीटर आजच एजन्सीकडे जातील, सेन्सर बदलून येतील, तोवर कोणी टाकीत उतरणार नाही. तेवढं मात्र त्यांनी लगेच केलं. रजिस्टरात काही लिहायचं नाही.

"स्प्रे कोणी मारला?"

"मी."

"सही कोणाची?"

"माझी."

"मग बोलून कोणाचं भलं होणार आहे ते तुम्हीच बघा." आवाज चढवला नाही. चहा मागवला माझ्यासाठी.

फुंकर मारा कोणी सांगितलं होतं, हे मी विचारलं नाही. का नाही विचारलं?

घरी ह्यांना सांगितलं. हे खाली जाऊन रिक्षेतला स्प्रे कचऱ्यात टाकून आले. म्हणाले, "नोकरी जाईल, वर पोलीस येतील. तो माणूस परत येणार आहे का?" मी रडले. हेही रडले. लग्नाला एकवीस वर्षं झाली, ह्यांना रडताना दुसऱ्यांदा बघितलं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

सुटल्यावर गेटबाहेर रुमाना उभी होती. शमशुद्दीनभाईंची मुलगी. खडकीला बालवाडीत शिकवते. एवढीशी होती तेव्हा कंपनीच्या स्नेहसंमेलनात गाणं म्हटलं होतं तिने.

हातात कंपनीचं पत्र. म्हणाली, "ताई, हे वाचा. मीटर चालू न करता टाकीत उतरल्यामुळे. असं लिहिलंय. अम्मी दिवसातून चार वेळा माझ्याकडून वाचून घेते. म्हणते, परत बघ, तू चुकीचं वाचतेस."

मी वाचलं. शब्द नीट होते, टाइप केलेले.

"घरातून निघताना अब्बा शेगडीचं बटण तीनदा बघायचे. आम्ही हसायचो त्यांना. ते मीटर चालू करायला विसरतील? नातेवाईक म्हणतात, स्वतःच्या निष्काळजीपणाने गेले. मोहल्ल्यात लोक असं बोलतात ताई, जसं काही त्यांनी मुद्दाम केलं." मग माझा हात धरला. "अब्बा म्हणायचे, तनुजाताईंनी दाखवला म्हटलं की मी डोळे मिटून उतरतो. त्या दिवशी दाखवला होता ना तुम्ही?"

तिने विचारलं तेही त्यांच्यासारखंच. मान जराशी तिरकी करून.

मी म्हटलं, "दाखवला."

ती थँक्यू म्हणाली. मला थँक्यू म्हणाली!

मंगळवार, २८ ऑक्टोबर

ही वही पहिल्यापासून वाचून काढली. रजिस्टरात नाही ते सगळं इथे आहे. तारखा, फुंकरा, स्प्रे, दोनदा वाजलेला मीटर. माझ्याच अक्षरात.

बुधवार, २९ ऑक्टोबर

सरकारी इन्स्पेक्टर आले होते. सभ्य माणूस. प्रत्येक पान उलटून बघितलं. १४ तारखेच्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, "ही चाचणी तुम्ही स्वतः, सिलिंडरने केली होती?" आणि माझ्याकडे बघत थांबले. बऱ्यापैकी थांबले. सांगायला जागा दिली त्यांनी. सर्जेराव साहेब खिडकीतून बाहेर बघत होते.

"हो," म्हटलं.

भित्री! भित्री बाई! नऊ वर्षं त्या मुक्या मीटरना सकाळी ओरडायला लावलं आणि स्वतः एकदाही वाजले नाही.

घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, सांगितलंस? नकारार्थी मान हलवली. जेवण झाल्यावर म्हणाले, "उद्या गुरुवार आहे. तुझी सुट्टी. मी पॅसेंजर घेत नाही उद्या."

गुरुवार, ३० ऑक्टोबर

रुमाना,

नव्हता दाखवला. अब्बा गेल्यावरही तोंडाने दोनदा खोटं बोलले, तिसऱ्यांदाही बोलेन, म्हणून ही वही तुझ्या हातात देते आहे. २२ सप्टेंबरपासून वाच. अब्बांनी मीटर चालू केला होता, ते १५ ऑक्टोबरच्या पानावर आहे. ते पान अम्मींना आधी वाचून दाखव.

मी खाली रिक्षेत बसले आहे. वाचून झालं की वही घेऊन ये. तू म्हणशील त्या ऑफिसात जाऊ.